थांब्यावरच्या मिनिटांचा हिशेब

मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. ऑगस्ट १९४७ मध्ये हा उपक्रम महापालिकेच्या स्वाधीन झाला आणि तेव्हापासून ‘बेस्ट’ ही नागरिकांची स्वतःची संस्था बनली. या नगरीने बसच्या रांगेत शिस्त शिकली, असे अभिमानाने सांगितले जाते. शताब्दी हा अशा अभिमानाचा प्रसंग खराच. पण तो हिशेबाचाही प्रसंग असतो. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. भाडेवाढ मुळातच अन्याय्य होय, असे आम्ही म्हणणार नाही. स्वस्ताईचा भार अखेर कोणाला तरी सोसावा लागतोच. परंतु ज्याच्याकडून दुप्पट दाम घ्यावयाचे, त्याला वेळेची काही हमी द्यावयाची की नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रवाशाला निश्चितच आहे.

थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची स्थिती पाहा. दहा मिनिटांनी यावयाची बस वीस मिनिटे येत नाही आणि मग एकीच्या पाठीला पाठ लावून दोन येतात. पहिलीत पाय ठेवावयास जागा नसते, दुसरी अर्धी रिकामी असते. या दहा मिनिटांत कारकुनाच्या हजेरीपटावर लाल शेरा पडतो, चार घरची कामे करणाऱ्या बाईचे एक घर सुटते, परीक्षार्थी मुलाच्या तोंडचे पाणी पळते. अनुभवाने शहाणा झालेला प्रवासी म्हणून घरातून रोज अर्धा तास आधीच निघतो. हा अर्धा तास म्हणजे त्याच्या झोपेवर व संसारावर बसलेला एक करच आहे. आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

तो दिसत नाही, याचे कारण आपण मोजतो ते चुकीचे मोजतो. किती गाड्या सुटल्या आणि किती किलोमीटर धावल्या, हे पाहून कारभार समाधान मानतो. शाळेतील साधे अंकगणित येथे उपयोगी पडेल. तासाला सहा गाड्या दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आल्या, तर प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांची होते. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने दर वीस मिनिटांनी आल्या, तर ती प्रतीक्षा दहा मिनिटांची होते. फेऱ्या तितक्याच, इंधन तितकेच, कागदावर काम शंभर टक्के. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट खर्ची पडला!

गाड्यांचे हे जोडीने चालणे सर्वस्वी दैवाधीन आहे, असेही नाही. एक गाडी वाहतुकीत अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे जमतात. ती चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला कमी माणसे मिळतात, म्हणून ती पुढचीला गाठते. वेळीच कोणी हस्तक्षेप केला नाही, तर ही साखळी मार्गाच्या अखेरपर्यंत तुटत नाही.

लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या बसमार्गांची पारख ‘अतिरिक्त प्रतीक्षा’ या मापाने होते. वेळापत्रकाप्रमाणे जितके थांबावे लागले असते त्याहून प्रवाशाला सरासरी किती अधिक थांबावे लागले, हे ते माप. तेथेही बसगाड्या खासगी कंत्राटदारच चालवितात. परंतु २००१ पासून या मापावर त्यांना बक्षीस वा दंड मिळू लागला. आपल्याकडे आज बहुसंख्य गाड्या भाडेतत्त्वावरील आहेत आणि कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो धावलेल्या किलोमीटरवर. मग जोडीने धावलेल्या दोन गाड्यांचे पैसे नेमाने धावलेल्या दोन गाड्यांइतकेच होतात. ज्याचे मोल नाही, त्याची कोण काळजी घेणार?

यावर कोणी म्हणेल की, आधी गाड्या पुरेशा द्या आणि मग मोजमापाचे बोला. आक्षेप खोटा नाही. एके काळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली आला होता आणि तो वाढलाच पाहिजे. परंतु कापड तोकडे असेल, तर शिंप्याने माप अधिक काळजीने घ्यावे की मुळीच घेऊ नये? त्याचबरोबर हे माप चालक-वाहकांच्या पाठीवर उगारण्याचा आसूड होता कामा नये. खोदलेला रस्ता, कडेला बेशिस्तपणे उभ्या केलेल्या मोटारी आणि भरदुपारी व सायंकाळी एकाच धावेची अपेक्षा करणारे वेळापत्रक हे चालकाचे अपराध नव्हेत. त्याला दंडाची भीती घातली, तर तो थांबे टाळील वा वेग वाढवील. त्यात कोणाचेच हित नाही.

बस कोठे आहे हे आज प्रवाशाला मोबाइलवर पाहता येते. म्हणजे मोजमापाची सामग्री हाताशी आहे. तेव्हा प्रत्येक मार्गाचे ठरलेले अंतर, प्रत्यक्ष अंतर आणि अतिरिक्त प्रतीक्षा दर महिन्याला आगारात व थांब्यांवर लावली जावी. ज्या घटकेला जितका वेळ खरोखर लागतो, तो पाहून वेळापत्रके नव्याने बांधावीत. पुढची गाडी रखडली असता मागची चार मिनिटे थोपविण्याचा अधिकार बसचौकीवरील स्टार्टरला असावा. नव्या कंत्राटांत नियमिततेला किंमत असावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवी गाडी घ्यावी लागत नाही.

वेळापत्रक हे संस्थेने नागरिकाला दिलेले वचन आहे. ते क्वचित मोडले, तर मुंबईकर समजून घेईल; त्याची सोशिकता प्रसिद्धच आहे. परंतु वचन किती वेळा मोडले याची नोंदही न ठेवणे, हा त्या सोशिकतेचा गैरफायदा होय. तिकिटाच्या पै-पैचा हिशेब वाहकाकडून रोज घेतला जातो. प्रवाशाच्या मिनिटांचा हिशेब संस्थेने निदान महिन्यातून एकदा द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.