रिकाम्या पोटीची गोळी

सकाळी चहाआधी पित्ताची गोळी, हा अनेक घरांत आता नेमच झाला आहे. महिनाभरासाठी लिहून दिलेलं पँटोप्राझोल चिठ्ठी हरवली तरी वर्षानुवर्षं सुरू राहतं. याच गटातलं ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आलं आणि अल्सरच्या रुग्णांना मोठा दिलासा मिळाला, हे खरंच. पण जठरातलं आम्ल अन्नासोबत येणाऱ्या जंतूंनाही मारतं. या गोळ्यांनी ते सतत कमी ठेवलं, की आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलते आणि संसर्गाच्या जुलाबांचा धोका वाढतो; अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये तसा इशारा दिला होता. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायलाही आम्ल लागतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत हे जीवनसत्त्व आधीच कमी, म्हणून मला हीच बाब सर्वांत काळजीची वाटते. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, पण गोळीवर कुणाचा संशय जात नाही.

मात्र हे वाचून गोळी एकदम बंद करू नका. अचानक थांबवली तर आम्ल उसळून येतं. जठरातून रक्तस्राव झालेल्यांना, रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या काहींना ती लागतेच. पुढच्या तपासणीला गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ही अजून किती दिवस आणि कशासाठी?