कढत पाणी येतंय म्हणून गीझर ठणठणीत नसतो

डिसेंबर लागला की तेलंगणातल्या थंडीच्या बातम्यांत आदिलाबादचं नाव हमखास वर असतं. भीमपूर मंडलातल्या अर्लीत, पैनगंगेकाठच्या बेला-जैनथ भागातल्या मराठी गावांत पारा एक आकड्यावर येतो आणि घरोघरी गॅस गीझरची आठवण होते. ऐन वेळी तो पेटत नाही, मग मेकॅनिकची शोधाशोध सुरू होते. पण बंद पडलेल्या गीझरने फार तर एका दिवसाची आंघोळ चुकते. खरी तपासणी हवी ती न्हाणीघरातल्या भिंतीवर टांगलेल्या आणि बिनतक्रार कढत पाणी देणाऱ्या गीझरची.

न पेटण्याची कारणं बहुधा साधी असतात. नळ सोडल्यावर टकटक ऐकू येत नसेल तर आधी सेल बदलावेत. तरीही काही होत नसेल तर पाण्याचा दाब पाहावा. टाकी पुरेशी उंच नसेल किंवा पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली असेल, तर आतला रबरी पडदा उचलला जात नाही आणि गॅसची वाट उघडतच नाही. दुसरं दुखणं या मातीचंच. आदिलाबादला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो इथल्या चुनखडीच्या जोरावर, आणि तीच चुनखडी बोअरच्या पाण्यातून तांब्याच्या नळीत थर धरते. धार बारीक होते, पाणी कोमट येतं, मग गॅसची कळ आणखी फिरवली जाते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, लिंबूसत्वाचं पाणी नळीत फिरवून थर काढून घ्यावा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नये. ते तांबंही खातं.

ज्योतीकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चार-पाच शेगड्या एकदम पेटवल्यासारखंच. त्यासाठी तासाला जवळपास एक किलो गॅस जळतो आणि एक किलो गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. 4 फूट रुंद, 6 फूट लांब, 8 फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हवेइतका प्राणवायू ज्योतच खाऊन टाकते. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटके पडतात, आणि समोरची कडी काढण्याचंही बळ उरत नाही. तोवर बादलीत पडणारं पाणी तितकंच गरम असतं. गीझरमधल्या वरच्या पत्र्यांवर काजळी धरली की धूर कोंडतो आणि धोका आणखी वाढतो. म्हणून निळी ज्योत पिवळी दिसू लागली की त्याच दिवशी गीझर बंद करून साफ करून घ्यावा.

गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, असं विक्रेते सांगतात. वरचा हिशेब दहा मिनिटांचा आहे. ज्योत विझली तर गॅस तोडणारी सोयही असते, पण ती फक्त ज्योत आहे की नाही हे ओळखते. हवा कशी आहे ते तिला कळत नाही. एग्झॉस्ट फॅनचा आधार त्याहून कच्चा. बाहेरची हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा जळका वायू उलट खाली ओढू शकतो, आणि वीज गेली की तोही थांबतो. खिडकी उघडी ठेवली तर गारठा येतो, ही तक्रार मात्र अगदी खरी आहे. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलेल्या घरात पहाटे खिडकी उघडी राहणारच नाही, हे धरूनच चालावं लागेल. म्हणूनच उपाय खिडकीवर सोपवता येत नाही. आग बाहेर गेली पाहिजे. आपल्याकडे बंब किंवा पाण्याची चूल अंगणात, परसात असायची. घरात यायचं ते तापलेलं पाणी. गॅस आला आणि आपण जाळच न्हाणीघरात आणून कडी लावून घेतली.

गीझर बाहेरच्या, मोकळ्या हवेतल्या भिंतीवर लावायला फार काही लागत नाही. भिंतीला एक भोक, काही फूट पाइप आणि पावसापासून आडोसा. पाइपातून पहिलं लिटरभर पाणी गार येईल, तेवढं सोसावं. भाडेकरूला भिंत फोडता येत नाही, हा अडथळा मोठा आहे, म्हणून ही जबाबदारी मी घरमालकावर टाकतो. खोली भाड्याने देताना विजेचं फिटिंग तोच करून देतो, तसं हेही त्याने करावं. आणि न्हाणीघरातच बसवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला फिटरने सरळ नाही म्हणावं. बाहेर जागाच नसेल तिथे 3 किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गीझर घ्यावा. तो मिनिटाला दीड लिटरच बऱ्यापैकी तापवेल, बादली भरायला वेळ लागेल, 16 अँपिअरचा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग लागेल. पण तो खोलीतली हवा खात नाही.