पंख्याचा सारथी

गेल्या महिन्यांत आमच्या घरच्या संगणकानें अकस्मात् असहकार पुकारला. चालू करावा, दहा मिनिटें चालावा, आणि तापून आपोआप बंद पडावा! नातवानें परीक्षेसाठीं लिहिलेला प्रबंध त्याच्याच पोटांत. सर्व घर चिंतेंत पडलें.

झांकण काढून पाहतां आंतला चिमुकला पंखा स्तब्ध दिसला. "मोटर जळाली, नवा पंखा आणूं," असा चिरंजीवांनीं निर्णय दिला. आम्ही मात्र चष्मा सांवरून पाहत राहिलों, तों दर पांच-सहा सेकंदांनीं पातीं किंचित् थरथरत व पुन्हां निश्चल होत. जळालेल्या मोटरीस ही थरथर कोठून येणार?

याचें उत्तर त्या मोटरीच्या रचनेंत आहे. जुन्या पद्धतीच्या मोटरींत फिरत्या वेटोळ्यांना वीज पोंचविण्यासाठीं कार्बनचे ब्रश घांसत राहतात; ठिणग्या उडतात, ब्रश झिजतात. या पंख्यांत ब्रश नाहींत. वेटोळीं मध्यभागीं स्थिर असतात आणि पात्यांच्या आंत बसविलेलें लोहचुंबकाचें कडें त्यांच्याभोंवतीं फिरतें. समोर चुंबकाचा उत्तर ध्रुव आला कीं दक्षिण, हें ओळखून वेटोळ्यांतील प्रवाह योग्य क्षणीं उलटवावा लागतो. एरव्हीं कडें जागच्या जागीं अडकून बसेल. हें काम करणारी चिप हा पंख्याचा सारथीच होय. इंग्रजींतहि तिला 'ड्रायव्हर' असेंच म्हणतात.

या सारथ्यास दृष्टि लाभली ती एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यामुळें. सोन्याच्या वर्खांतून प्रवाह सोडून त्यावर काटकोनांत चुंबकीय क्षेत्र लावलें असतां वर्खाच्या दोन कडांमध्यें सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें त्यानें १८७९ सालीं दाखविलें. या तत्त्वावर चुंबक ओळखणारा घटक, प्रवाह उलटविणारे ट्रान्झिस्टर आणि त्यांचें नियंत्रण, हें सर्व आतां कांहीं मिलिमीटरांच्या एकाच चिपमध्यें सामावतें.

परंतु सारथ्याची खरी परीक्षा रथ अडल्यावर होते. पातीं अडलीं असतां प्रवाह वाहतच राहिला, तर वेटोळीं तापून जळावयाचीं. म्हणून अशी चिप बहुधा ध्रुवांची अदलाबदल थांबल्याचें ओळखून सुमारें अर्ध्या सेकंदांत प्रवाह तोडते, पांचेक सेकंद विसावा घेते, आणि पुन्हां क्षणभर यत्न करून पाहते. अडथळा दूर होईपर्यंत हा क्रम चालतो. आम्हीं पाहिलेली थरथर ती हीच!

वीज पूर्णपणें तोडून आंसाभोंवतीं चिमट्यानें चांचपलें, तों निघाला कापसाचा पीळ! संगणकाशेजारीं बसून आमचें कुटुंब देवाच्या वाती वळीत असतें. त्यांतलाच उडालेला कापूस. पीळ निघतांच पंखा फिरूं लागला, प्रबंध वांचला, आणि वातींची बैठक माजघरांत गेली. वाचकांनींहि बंद पडलेला पंखा टाकून देण्यापूर्वीं एकवार निरखून पाहावा, आणि साफ करावयाचा तो वीज तोडूनच.

शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना 'यत्न सोडूं नका' एवढेंच बजाविलें. अडल्यास क्षणभर थांबावें, स्वतःला जाळून घेऊं नये, आणि मग पुन्हां उठावें, हा उत्तरार्ध सांगावयाचा राहूनच गेला. परीक्षेपूर्वीं रात्र रात्र जागणाऱ्या नातवाला तो आम्हीं त्याच दिवशीं सांगितला.