साखर किती, नाडी कशी?

आमच्या चाकूरला कुणाचा बायपास झाला की सारे गाव भेटीला येते. थोरले बंधू ऑपरेशन करून घरी परतले तेव्हा ओसरीवर माणसांची रीघ लागली होती. येणारा प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारी : ब्लॉक किती होते आणि खर्च किती आला? साखर किती, नाडी कशी, हे कुणी विचारले नाही. अण्णांना बारा वर्षांचा मधुमेह असूनही मीसुद्धा ते कधी विचारले नव्हते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अण्णांच्या हृदयाचे ठोके एकाएकी बेताल झाले होते. डॉक्टरांनी समजावले, हृदयावरच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार रुग्णांमागे एकाला असे होते, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. पुष्कळांचा ताल औषधाने, कधी आपोआपही, पूर्ववत होतो. पण हे थरथरणे टिकले तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताची भीती असते.

यात साखरेचा संबंध काय? शस्त्रक्रियेच्या ताणाने मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. चढलेली साखर जखमेत जंतूंना वाव देते आणि शरीरातली सूज वाढवते. म्हणून शिरेतून इन्सुलिन देतात. परंतु इन्सुलिनमुळे रक्तातले पोटॅशियम उतरते आणि ते फार उतरले तर ठोके बिघडतात. साखर एकदम खाली गेली तरी शरीर घाबरून अॅड्रिनलिन सोडते आणि हृदय धावू लागते.

साखर जितकी कमी तितके बरे, असे एकेकाळी मोठमोठ्या तज्ज्ञांनाही वाटे. २००१ साली बेल्जियममधील ल्युवेन येथे अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची साखर ८० ते ११० च्या दरम्यान ठेवली. त्यांतले बहुसंख्य हृदयशस्त्रक्रियेचे होते आणि मृत्यू घटले. जगभर तीच पद्धत सुरू झाली. पुढे २००९ साली ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात उलटे दिसले. काटेकोर गटात २७.५ टक्के रुग्ण दगावले, १८० च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. म्हणून आज साधारणपणे १८० च्या आत ठेवतात, फार खाली ओढत नाहीत. पिकाला पाणी कमी पडले तर ते वाळते, जास्त झाले तर सडते, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मला मात्र हे घरी येऊन कळले. बाराव्या दिवशी पहाटे अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. हृदयच गेले असे समजून आम्ही लातूरला न्यायला गाडी शोधू लागलो. शेजारच्या मुलाने यंत्रावर साखर पाहिली : ४८! आदल्या रात्री भूक नाही म्हणून अण्णा जेवले नव्हते. इन्सुलिन मात्र मी वेळेवर टोचले होते. वहिनींनी साखरपाणी पाजले आणि पाव तासात ते सावरले. चूक माझी होती. कागद इंग्रजीत होता आणि तो वाचून घ्यायचे मला सुचले नव्हते.

२०१२ साली सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेमुळे बायपास गरिबांच्याही आवाक्यात आला, हे मोठेच काम झाले. पण ऑपरेशनचे पैसे भागले म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. प्रत्येक रुग्णाच्या हाती घरी जाताना मराठीत एक चिठ्ठी पडलीच पाहिजे : साखर कधी तपासायची, ती किती असावी, जेवण चुकले तर इन्सुलिनचे काय करायचे, नाडी कशी मोजायची, कोणत्या लक्षणाला लगेच दवाखाना गाठायचा. डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण ही चिठ्ठी एकदाच छापायची आहे, आणि ती समजावून द्यायला परिचारिका पुरेशी आहे.

आपलीही जबाबदारी आहेच. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी झाली का, हे विचारावे. भेटीला जाताना पेढे नेऊ नयेत. आणि अण्णांसारखा कुणी ओसरीवर बसलेला दिसला, तर खर्चाची चौकशी मागाहून करावी. आधी विचारावे, ‘जेवलात का?’