इंजिन कोणाचे बसवायचे?



बैठकीच्या पत्रकात कापसाचा भाव नाही, वीजबिल नाही, आणि हे इंजिनाचे काय काढले, असे कोणी विचारील. विचारू द्या. भाव बाजारात मिळतो आणि बाजार घरापासून लांब असतो. कळंबचा माल लातूरला जातो, परंड्याचा बार्शीला जातो, तुळजापूरचा सोलापूरला जातो. ज्याच्या दारात स्वतःची गाडी आहे तो भाव पाहून निघतो. ज्याच्या दारात नाही तो टेम्पोवाल्याची सवड पाहून निघतो, नाहीतर गावात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घालून मोकळा होतो. म्हणून दारातली जुनी जीप हा चैनीचा विषय नाही. सौदा नाकारून माल परत आणण्याची जी थोडीशी ताकद आपल्यापाशी आहे, ती त्या चार चाकांवर उभी आहे.

कोणाकडे प्यूजो इंजिनाची जीप आहे, कोणाकडे डीआय जीप, कोणाकडे ट्रॅक्स, कोणाकडे 1994 साली बाजारात आलेली सुमो. वीस-वीस वर्षे चाललेल्या गाड्या. एक दिवस ती चढाला दम टाकते, निळा धूर सोडते, दर खेपेला ऑइल मागते. मग दारात सल्लागारांची रीघ लागते. एक म्हणतो, खोलत बसू नका, भंगारातून सेकंडचे इंजिन आणू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. दुसरा शहाणा म्हणतो, जुन्यात पैसा घालणे वेडेपणा आहे, हप्त्यावर नवी घ्या. आणि दिल्लीत बसलेले सरकार म्हणते, पंधरा वर्षे झाली ना, मग ती गाडी म्हातारी.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ब्लॉक फुटलेला नसेल आणि क्रँक शेवटच्या साइजपलीकडे घासला गेलेला नसेल, तर आपले इंजिन आपणच बांधावे. दुसऱ्याचे आणू नये. का, ते मांडतो.

आधी नव्या गाडीचा निकाल लावू, त्याला फार वेळ लागत नाही. समजा 8 लाखांचे कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता 17 हजारांच्या घरात जातो आणि नुसते व्याजच 2 लाख 20 हजार होते. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला 3,749 रुपये आहे. म्हणजे महिन्याला साडेचार क्विंटल ज्वारी. तीही आधारभूत भाव पदरात पडला तर, आणि तो कसा पडतो हे आम्ही तुम्हाला सांगायचे कारण नाही. ज्वारी वर्षातून एकदा येते, हप्ता बारा वेळा येतो. पगारदाराला शोभणारा सल्ला कोरडवाहू शेतकऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

आता सेकंडचे इंजिन. आपण बैल कसा घेतो ते आठवा. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमलं तर औताला जुंपून पाहतो, मग रुमालाखाली हात घालतो. भंगाराच्या दुकानात काय पाहता येते? लोखंडी मांडणीवर तेलाने माखलेले एक धूड ठेवलेले असते. ते किती किलोमीटर चालले हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी तो सांगणार नाही. ते कोणत्या गाडीतून निघाले, ती गाडी पलटी झाली होती की पाण्यात बुडाली होती, की पाणी संपून तापून जॅम झाली होती, सगळे अंधारात. हमी मिळते ती चेकिंगची. म्हणजे बसवा, सुरू झाले तर तुमचे, नाही झाले तर आठवड्याच्या आत परत आणा. इंजिन सुरू होणे वेगळे आणि सात-आठ क्विंटल कापूस भरून घाट चढणे वेगळे. हा फरक कळतो तेव्हा आठवडा उलटून गेलेला असतो. उतरवण्या-चढवण्याची मजुरी तर कोणीच परत देत नाही.

पाण्यात बुडण्याची गोष्ट आम्ही उगीच काढली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात सीना आणि चांदणीच्या पुराने काय केले ते जिल्ह्याने पाहिले आहे. जमीन खरवडून गेली, जनावरे गेली, दारातल्या गाड्यांतही पाणी शिरले. अशा गाड्या मातीमोल भावात विकल्या जातात आणि त्यांची इंजिने धुऊन-पुसून मांडणीवर येतात. पाण्याला दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर मारला असेल, तर कनेक्टिंग रॉड केसाएवढा का होईना वाकतो. ते इंजिन दुकानात सुरू होईल, चार महिने चालेलही, आणि मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. (ज्यांच्या स्वतःच्या गाडीत पुराचे पाणी शिरले असेल त्यांनी किल्ली फिरवूच नये. बॅटरीची तार काढावी, नोझल काढावीत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑइल दोन-तीनदा बदलावे, आणि मगच पुढचे बोलावे. पुष्कळ इंजिने एवढ्याने वाचतात.)

दुसरी भानगड कागदाची. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. आपलेच इंजिन बांधले तर नंबर तोच राहतो, आरसी बुक तेच राहते, कोणाच्या दारात जावे लागत नाही. दुसरे इंजिन बसवले की 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. इंजिन बदलल्याचे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. भंगारवाला पक्के बिल देत नाही, मूळ गाडीचे कागद देत नाही, मग नोंद कशाच्या आधारावर होणार? नोंद नाही म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर? उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तोडून सुटे भाग विकण्यासाठी देशभर बदनाम होता. डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बंद केला. तिथला माल कुठवर पोचला असेल, कोण सांगणार? ठाण्यात जबाब द्यायला भंगारवाला येत नाही, एमएच 25 च्या नंबरपाटीचा मालक जातो.

राहिला पैशाचा हिशेब. गाडीगणिक आकडे बदलतील, पण बेरीज कशी करायची ते पाहा. समजा सेकंडचे इंजिन 40 हजारांना मिळाले. उतरवणे-चढवणे 8 हजार. नवे ऑइल, फिल्टर, फाउंडेशन रबर, होस पाइप, उतरवलेच आहे तर क्लचप्लेट, हे 6 हजार. झाले 54 हजार. आपलेच इंजिन पूर्ण बांधायला समजा 60 हजार लागले. फरक 6 हजारांचा, म्हणजे आधारभूत भावाने दीड क्विंटलभर ज्वारी. एका बाजूला आतले काहीच न पाहिलेले इंजिन, दुसऱ्या बाजूला प्रत्येक भाग डोळ्यांसमोर मोजून बसवलेले. दीड क्विंटल ज्वारी वाचवायला चौदा क्विंटलचा जुगार कोण खेळेल? खेळतात, कारण 40 हजारांचा आकडा आधी कानावर पडतो आणि बाकीचे 14 हजार गाडी रॅम्पवर चढल्यावर कळतात.

पण इंजिन बांधणे म्हणजे काय, यातही फसवणूक आहे. मिस्त्रीची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. घासून लांबट गोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकायच्या, व्हॉल्व्ह घासायचे, हेड पॅकिंग बदलायचे आणि फुल इंजिन काम झाले म्हणून बिल लावायचे, हा धंदा गावोगाव चालतो. अशा इंजिनाने पुढच्या सुगीपर्यंत ऑइल प्यायला सुरुवात केली की मालक म्हणतो, बांधून उपयोग नसतो, सेकंडचेच बरे होते. बांधणे वाईट नव्हते, ते बांधलेच नव्हते.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट. इंजिन उतरवण्याची खरेच गरज आहे का? काळा धूर येतो म्हणजे बहुतेक वेळा डिझेल पुरते जळत नाही. पंप-नोझल तपासा, एअर फिल्टर पाहा. सकाळी सुरू व्हायला त्रास देते तर हीटर प्लग आणि बॅटरी आधी पाहा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या तापाने डिझेल पेटते, म्हणून दाब हाच त्याचा जीव. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा. चारपैकी एकच कमी असेल तर दुखणे त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे किंवा पॅकिंगचेही असू शकते, तेवढ्यासाठी अख्खे इंजिन खोलायचे कारण नाही. चारही खाली गेली असतील, ऑइलचे झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल, गरम झाल्यावर ऑइलचा दाब बसत असेल, तर मग मात्र खोला.

खोलल्यावर मालकाने लेथवर स्वतः जावे. दिवस मोडतो, मोडू द्या. बोअर वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा असा मोजायला लावा. ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50, 0.75, 1 मिलिमीटर अशा पायऱ्यांनी येतात, पुढची कोणती पायरी उरली आहे ते विचारा. लायनर बदलता येत असेल तर बोअर पुन्हा मूळ मापावर येतो. क्रँक घासला तर बेअरिंग त्याच साइजची हवीत. हेड दाबाखाली तपासून, फेसिंग करून घ्या. ऑइल पंप आणि रेडिएटर यांना हात न लावता दिलेले इंजिन घेऊ नका. ज्या दुखण्याने जुने इंजिन मेले तेच नव्याला मारील. काढलेले सगळे जुने भाग पोत्यात भरून घरी आणा. ते पोते म्हणजे तुमची पावती.

यात परके काही नाही. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाला आपण हेच करत आलो. लायनर-पिस्टन बदलले, बुश बदलले, पुन्हा पाणी चालू. महिंद्राच्या डीआय जीपचे 2523 सीसीचे इंजिन तर मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातले. ते पुन्हा पुन्हा बांधता यावे अशाच बेताने घडवलेले आहे. अमेरिकेतली कॅटरपिलर कंपनी 1973 पासून जुनी इंजिने परत घेते, मोजते, नव्याने बांधते आणि हमी देऊन विकते. तिथे ती उद्योगातली हुशारी ठरते. उमरग्याच्या लेथवर तेच केले की तो मागासलेपणा.

आणि आता सरकार. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. त्याची फी 600 रुपये होती, ती 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती 10,000 केली. पावणेतीन क्विंटल ज्वारी, नुसत्या शिक्क्याला! शिवाय महाराष्ट्रात 2010 पासून पर्यावरण कर आहेच. 13 ऑगस्ट 2021 रोजी गाड्या मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, तेव्हा गरिबाला याचा फायदा होईल असे सांगण्यात आले. फायदा नवी गाडी विकणाऱ्याचा आणि कर्ज देणाऱ्याचा झाला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. दिल्लीत 2015 च्या हरित लवादाच्या आणि 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. पुढे 2025 मध्ये न्यायालयानेच नुसत्या वयावरून सक्तीची कारवाई थांबवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हे संरक्षण बीएस-4 व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. दिल्लीची हवा दिल्लीने सांभाळावी, तिथे लोकांचा जीव गुदमरतो हे खोटे नाही. पण धूर मोजायचे यंत्र असताना वर्षे कशाला मोजता? नीट बांधलेले वीस वर्षांचे इंजिन पंप-नोझल बिघडलेल्या आठ वर्षांच्या इंजिनापेक्षा स्वच्छ जळते. यंत्रात धूर जास्त निघाला तर गाडी जरूर अडवा. आम्ही स्वतः आणून उभी करू.

सुट्या भागांवरचा करही असाच. 2017 पासून अनेक भागांवर 28 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. कमी झाला ते बरे झाले. पण व्यापारी भरलेला कर पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, त्याच्यापाशी येऊन कर थांबतो. पक्के बिल घेणारा 18 टक्के जास्त मोजतो आणि भंगारातले बिनबिलाचे इंजिन स्वस्त दिसते. चोरट्या बाजाराला गिऱ्हाईक पुरवायचे काम हा कर करतो.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची यंत्रे होती, मोटारगाड्याही होत्या. त्या यादीचे पुढे काय, हे जिल्ह्याने विचारायला हवे. कंपनीने प्रत्येक इंजिनाच्या बोअरची, क्रँकची, बेअरिंगची मापे आणि झिजेच्या मर्यादा मराठीत छापून द्याव्यात, ही मागणी काही आकाशातला तारा नाही.

सेकंडचे इंजिन कधीच घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, क्रँक तुटला किंवा भाग मिळेनासेच झाले, तर दुसरा रस्ता नसतो. तेव्हा मांडणीवरचे इंजिन नको, गाडीत असलेले शोधा. पहाटे थंड असताना जाऊन आपल्यासमोर सुरू करायला लावा, कॉम्प्रेशन मोजा, आणि नंबरासह बिल व मूळ गाडीच्या आरसीची प्रत हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एवढे करावे: मापे लिहून देणाऱ्या आणि जुने भाग परत करणाऱ्या लेथवाल्यांची नावे आणावीत. आठही तालुक्यांची यादी झाली की ती पुढच्या पत्रकात छापू. आणि इंजिनबदलाची नोंद तालुक्याच्या ठिकाणी शिबिर लावून व्हावी, असा अर्ज आरटीओकडे द्यायचा आहे. त्यावर सह्या करायला ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनीच यावे, आरसीची प्रत घेऊन.