आमचा बोकड काय खातो, ते एकदा मोजा

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर

महोदय,

हे पत्र अनुदानासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ते अर्जांच्या गठ्ठ्यात जाऊन बसायचं. मी डोळखांबजवळच्या एका पाड्यावर शेळ्या राखते. आमच्या बचत गटातल्या बहुतेक बायका तेच करतात. मी बारावी सायन्सपर्यंत शिकले, त्यामुळे पशुपालनाच्या मेळाव्यात वाटलेली पुस्तकं वाचून गटाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमचं म्हणणं एवढंच आहे, की आमचा बोकड वर्षभर काय खातो आणि त्या खाण्यानं त्याच्या मटणाचं काय होतं, हे कुणीतरी इथे येऊन मोजावं.

पोल्ट्रीवाल्यांचं बघा. शहापूर-मुरबाड पट्ट्यात करार पद्धतीच्या ब्रॉयलर शेड गावोगाव दिसतात. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. शेड, तूस, वीज आणि मेहनत आपली. चाळीसेक दिवसांत कोंबडी २ किलोची होते आणि किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. या करारात शेतकऱ्याच्या हाती काय उरतं, तो विषय वेगळा. पण त्या कोंबडीच्या पोटात मका किती गेला, सोयाबीनची पेंड किती गेली, एक किलो वजन चढायला किती खाद्य लागलं (यालाच एफसीआर म्हणतात), सगळं कागदावर असतं. शेडवर कामाला असलेला पोरगासुद्धा 'या बॅचला एफसीआर बिघडला' म्हणून हळहळतो. आमच्या बोकडाबद्दल मात्र 'डोंगरात चरतो' यापलीकडे कुणाला काही सांगता येत नाही. मलाही नाही.

डोंगरात चरतो म्हणजे काय चरतो? जून ते सप्टेंबर आजोबाच्या डोंगराखालचा हा सगळा भाग हिरवागार असतो आणि नेमका तेव्हाच शेळीचा जीव मेटाकुटीला येतो. तिला भिजायला आवडत नाही, ओलं गवत आवडत नाही. कोवळं गवत एकदम पोटभर खाल्लं की आंत्रविषाराची भीती, चिखलात उभी राहिली की खुरं कुजतात, आणि जंत तर पाचवीलाच पुजलेले. भातकापणी उरकून दिवाळी सरली की तिचे खरे दिवस येतात. मोकळी शेतं, सांडलेल्या लोंब्या, बांधावरचा पाला. पौषापर्यंत अंग भरतं. मग बोरं, करवंदीचे शेंडे, आपटा, उंबराची पानं, चैत्रात मोहाची फुलं. वैशाखात सगळं संपतं.

संपतं कसलं, बरंचसं आम्हीच जाळतो. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणजे झाडांच्या टहाळ्या छाटायच्या, शेण-गवताबरोबर वाफ्यावर पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या, ही या भागातली जुनी रीत. याच टहाळ्यांवरून इंग्रजांच्या काळात जंगलखातं आणि शेतकरी यांच्यात इतकं वाजलं, की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि ठाणे-कुलाब्याचा राब हा त्याच्यापुढचा मोठा विषय होता. राबाची राख रोपाला किती मानवते यावर तेव्हापासून पुष्कळ लिहून झालं. त्याच टहाळ्यांचा पाला सावलीत वाळवून ठेवला आणि वैशाखात शेळीपुढे टाकला तर तिच्या अंगावर दिवसाला किती ग्रॅम चढतील, हा हिशेब मात्र मेळाव्यात वाटलेल्या एकाही पुस्तकात मला सापडला नाही. आणि पाला पाल्यासारखा नसतो. ऐनाच्या पानात टॅनिन भरपूर. टॅनिन माफक असलं तर जंतांचा जोर कमी होतो, प्रथिनंही चांगली वापरली जातात. जास्त झालं तर तीच प्रथिनं बांधली जातात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सुबाभूळ प्रथिनांनी भरलेली, पण तिच्यात मिमोसिन. नुसत्या सुबाभळीवर जनावर ठेवलं तर केस गळतात. म्हणजे कुठला पाला राबाला द्यायचा आणि कुठला शेळीसाठी राखायचा, कुठल्या महिन्यात आणि किती, याचा तक्ता आम्हाला हवा आहे.

सल्ला मिळतच नाही असं म्हणणार नाही. भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करा, हा सल्ला आम्हाला तोंडपाठ आहे. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबायचे, प्लॅस्टिकनं घट्ट झाकून २१ दिवस ठेवायचं. मग तीन-चार टक्के प्रथिनांचा पेंढा जवळपास दुप्पट कसदार होतो. बैलाला, म्हशीला उत्तम. शेळी पेंढ्याला मनापासून तोंड लावत नाही. ती शेंडे खुडणारी जात. आमच्याकडची शेळी पेंढ्याच्या उडवीवर चढते, वर बसून रवंथ करते, लेंड्या टाकून उतरते. सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या जनावराचा आहे.

यात आता दिनदर्शिकेची भर पडली आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. २०२६ ची मेच्या अखेरीस, आणि पुढची काही वर्षं ती उन्हाळ्यातच येणार. चांगल्या बोकडाला भाव मिळायचा वर्षातला तो मोठा मोका. म्हणजे ज्या तीन महिन्यांत डोंगर उघडा पडतो त्याच तीन महिन्यांत बोकड भरवायचा. ईद हुकली तर गटारी. पण गटारी आषाढाच्या शेवटी, उन्हाळ्यात वाळलेलं जनावर जेमतेम सावरत असतं तेव्हा. फाल्गुनापासून रोज मक्याचा भरडा, हरभऱ्याची चुणी, तांदळाचा कोंडा, थोडं खनिज मिश्रण द्यायचं ठरवलं तर किती द्यायचं आणि खर्च वसूल होतो का? पुस्तकांत उस्मानाबादीचे आकडे आहेत. ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली. कोकण कन्याळ दापोलीच्या कृषी विद्यापीठानं पुढे आणली, ती सिंधुदुर्गातली. आमची शेळी यांतली कुठलीच नाही. बुटकी, काळी-तांबडी, पावसाला चिवट, आणि बोकड वीस किलोला टेकला की आम्ही खूश.

आता मटणाकडे येते. तुमच्याकडे पशुपोषणाचा विभाग वेगळा आणि मांस-दुधाच्या तंत्रज्ञानाचा वेगळा. आमच्याकडे दोन्ही एकाच दाव्याला बांधलेले.

जनावर कापल्यावर स्नायूंतल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं, पीएच ७ वरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो आणि मटणाला रंग येतो, ते टिकतं. जनावर उपाशी, दमलेलं, घाबरलेलं असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. पीएच वरच अडकतो, मांस काळपट आणि चिकट राहतं, लवकर नासतं. हे तुम्ही शिकवता. आमच्याकडे ते असं घडतं: बोकड संध्याकाळी टेम्पोत चढतो, रात्र कल्याणच्या नाहीतर देवनारच्या वाटेवर जाते, पायाखाली पेंढा नाही, तोंडाला पाणी नाही. वर्षभर डोंगरात जे कमावलं ते शेवटच्या रात्री घालवतो. खाणारा दुसऱ्या दिवशी म्हणतो, मटण काळं निघालं, जनावर म्हातारं असणार. प्रवासाआधी पाणी किती, चारा किती वाजेपर्यंत, टेम्पोत किती नग, एवढ्या चार ओळी मोजून कुणी लिहून दिल्या तर आमच्याआधी खाटीकच त्या भिंतीवर लावतील.

मऊपणा मोजायची पद्धत मी वाचली आहे. मांस २४ तास थंडाव्यात ठेवतात, ठरलेल्या तापमानाला शिजवतात, त्याचा गोल तुकडा काढून पात्याखाली धरतात आणि कापायला किती जोर लागला ते यंत्रावर वाचतात. ठीक आहे. पण आमच्या रविवारच्या मटणानं शीतगृह कधी पाहिलेलं नसतं. सहाला कापलेलं, आठला पिशवीत, दुपारी भाकरीबरोबर ताटात. २४ तासांनंतरचा आकडा खराच असेल, पण ते मटण आमच्याकडे कुणी खात नाही. तेव्हा यंत्रावर घ्या आणि दोन तासांच्या ताज्या मटणावर, आमच्या पातेल्यातही घ्या.

व्यापारी पाड्यावर येतो तेव्हा काटा आणत नाही. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर अंगठा आणि दोन बोटं ठेवतो, मणक्याचं हाड किती टोचतं ते चाचपतो, मग छातीखाली हात घालून जनावर उचलल्यासारखं करतो. 'नऊ बसतील,' म्हणतो. नऊ म्हणजे नऊ किलो मटण. जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण पडतं, हा हिशेब त्याच्या बोटांत मुरलेला असतो. तुमचे विद्यार्थीही कमरेवर असाच हात ठेवून जनावराला १ ते ५ गुण देतात. म्हणजे विद्यार्थ्याला वर्गात शिकवलं, व्यापारी बाजारात शिकला, आणि जिनं बोकड वाढवला ती बाई शेजारी उभी राहून 'दहा धरा ना' म्हणत घासाघीस करते. अर्ध्या दिवसात शिकण्यासारखी ही गोष्ट आहे. आमच्या गटाने आता काटा घेतला आहे. व्यापारी त्याच्याकडे बघून हसतो, पण आकडा थोडा वर सरकवतो.

आमचं मटण म्हणजे अमृत, असं मी लिहिणार नाही. शहरात 'गावठी' म्हटलं की दाम दुप्पट होतो. आखाडात गावठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंबड्यांतल्या किती खरोखर उकिरडा उकरून मोठ्या झाल्या, देव जाणे. हिरव्या पाल्यातून ओमेगा-३ मिळतं हे खरं, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटातले जिवाणू त्यातलं बरंचसं बदलून टाकतात. शिवाय शेळीच्या मांसात चरबी मुळात कमी. ती जमते पोटातल्या पडद्यावर. मोजल्यावर दाण्यावरच्या आणि डोंगरातल्या बोकडात फरक किरकोळ निघेल, अशी मला शंका आहे. निघू दे. तसं निघालं तर डोंगराच्या नावाने भाव मागायचं सोडून आम्ही वजन वाढवायच्या मागे लागू. फरक ठळक निघाला तर आमच्या हाती कागद येईल. दोन्हीत आमचा फायदाच आहे. तोटा आहे तो अंदाजावर जगण्यात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला. तेव्हा यंत्रणा धावत आली, नमुने गेले, हजारो कोंबड्या नष्ट केल्या. रोग आला की सगळे येतात, यावंच. पण जनावर धडधाकट असताना ते काय खातं, हे विचारायलाही एकदा या.

तुमचं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. परळहून आसनगावची लोकल, पुढे शहापूर, शहापूरहून डोळखांब. महाविद्यालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय लागतोच. एकीनं चारा घ्यावा, दुसऱ्यानं मांस, आणि जनावरं मात्र दोघांची तीच असावीत. कार्तिकात, वैशाखात आणि आषाढात, असं तीनदा पाल्याचे नमुने घ्या, जनावरांची वजनं घ्या. निम्म्या बोकडांना शेवटचे तीन महिने खुराक द्या, निम्मे नुसते चरू द्या. मग मटण तपासा. प्रबंध इंग्रजीत लिहा, आमची हरकत नाही. पण त्यातलं आमच्या कामाचं एक पान मराठीत, होळीच्या आत द्या. होळीनंतर मिळालेला चाऱ्याचा सल्ला त्या वर्षी उपयोगाचा नसतो.

नमुन्याला बोकड लागतील. ते बाजारभावाने विकत घ्यावे लागतील. तानसा, वैतरणा, भातसा मिळून आमच्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातंच, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांना टँकर लागतो. बोकडाचा व्यवहार तरी रोखीत होऊ दे.

येण्याआधी आठवडाभर कळवावं, म्हणजे गटातल्या सगळ्या बायका थांबतील. सकाळी सातच्या आत आलात तर शेळ्या गोठ्यात सापडतील. त्यानंतर त्यांच्या मागे डोंगरात यावं लागेल, आणि खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांनी एक दिवस तसं यावंच. काय खातात ते तिथेच दिसेल.

आपली,
डोळखांब परिसरातली एक शेळीवाली
ता. शहापूर, जि. ठाणे