देवासाठी घेतलेली उडी

मारामारीचा चित्रपट म्हटला की सुशिक्षित घरातल्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. वडीलधारी मंडळी नाक मुरडून उठून जातात आणि मुले पडद्याच्या अधिकच जवळ सरकतात. एका चित्रपटापुरते तरी वडीलधाऱ्यांनी उठू नये आणि मुलांनी नुसत्या कसरती पाहू नयेत, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. चित्रपट थायलंडचा आहे आणि त्याचे नाव ‘ओंग बाक’. २००३ साली तो प्रदर्शित झाला. दोन दशके उलटली, तरी साहसपटांची चर्चा निघाली की त्याचे नाव घेतल्यावाचून ती पुरी होत नाही. मात्र हे नाव घेतले जाते ते त्यातील जीवघेण्या साहसदृश्यांसाठी. कथा काय, नावापुरतीच, असे म्हणून अनेक समीक्षकांनी ती निकालात काढली. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. ती साहसदृश्ये मनात घर करून राहतात, ती त्या साध्यासुध्या कथेमुळेच.

चोरीला गेलेले मस्तक

कथा खरोखरच चार ओळींची आहे. एका खेड्यातील मंदिरात ओंग बाक नावाची बुद्धमूर्ती आहे. गावाची सारी श्रद्धा तिच्या ठायी. एका रात्री शहरातून आलेला एक भामटा त्या मूर्तीचे मस्तक कापून नेतो. उत्सव तोंडावर आलेला, पावसाची चिंता लागलेली आणि देव शिरावेगळा झालेला! गाव हवालदिल होते. मंदिरातील भिक्षूंच्या हाताखाली वाढलेला तिंग नावाचा तरुण मस्तक परत आणण्याचा विडा उचलतो. गावकरी गाठीची पुंजी आणून त्याच्या वाटखर्चासाठी देतात आणि तो बँकॉकची वाट धरतो.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. विठ्ठलाची मूर्ती विजयनगरास नेली गेली आणि संत भानुदासांनी ती पंढरीस परत आणली, ही कथा वारकरी परंपरेने शतकानुशतके जपली आहे. देव गावातून गेला की गाव केवळ दगडाला मुकत नाही, आपल्या असण्याच्या आधाराला मुकते. ‘ओंग बाक’च्या पहिल्या वीस मिनिटांत नेमकी हीच व्यथा आहे आणि ती ज्याला कळली, त्यालाच पुढच्या उड्यांचा अर्थ कळेल.

तिंगला त्याच्या गुरूने प्राचीन मुष्टियुद्ध शिकवले आहे आणि शिकवताना एक बंधनही घातले आहे, की ही विद्या वापरायची नाही. विद्या आहे, पण तिचे प्रदर्शन नाही. शहरात आल्यावर झुंजींच्या अड्ड्यावर पैसा समोर असतानाही तो लढायला राजी नसतो. समोरचा मल्ल त्याच्या देशबांधवांचा अपमान करतो, एका अबलेवर हात टाकतो, तेव्हाच तो रिंगणात उतरतो.

पुराण मुष्टी आणि हनुमान

या विद्येला थाई भाषेत ‘मुए बोरान’ म्हणतात. ‘बोरान’ म्हणजे आपलाच ‘पुराण’ हा शब्द. आज जगभर खेळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या ‘मुए थाई’चे हे जुने रूप. झुंजीपूर्वी मल्ल गुरूला वंदन करतो. त्या विधीचे नाव ‘वाय ख्रू’. यातील ‘ख्रू’ म्हणजे गुरू, हे वेगळे सांगायला नको. डावांची नावे तर आणखी ओळखीची. दोन्ही मुठी एकदम वर नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीवर करायच्या प्रहाराचे नाव आहे ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’. दुसऱ्या एका डावात ऐरावत आपले सुळे उचलतो. थायलंडचे रामायण ‘रामकिएन’ या नावाने ओळखले जाते आणि ते तिथे केवळ ग्रंथात राहिलेले नाही. ते मल्लांच्या खांद्यांत आणि गुडघ्यांतही उतरले आहे. ज्या समाजाची कथा त्याच्या शरीरात उतरते, त्याला आपली संस्कृती संग्रहालयात शोधावी लागत नाही.

हा चित्रपट घडवणारी माणसेही याच मातीतली. नायक टोनी जा हा ईशान्य थायलंडमधील सुरिन प्रांताचा. हत्ती राखणाऱ्या कुटुंबात १९७६ साली तो जन्मला. त्याचे गुरू आणि चित्रपटाचे साहसदिग्दर्शक पन्ना रित्तिक्राई हे खोन केन प्रांताचे. थोड्या पैशांत, ग्रामीण प्रेक्षकांसाठी मारधाडीचे चित्रपट काढण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. त्यांचेच चित्रपट पाहून झपाटलेला हा मुलगा किशोरवयात त्यांच्याकडे शिकायला गेला आणि पुढची कित्येक वर्षे शिकतच राहिला. या प्रदेशाला थाई लोक ‘इसान’ म्हणतात, तो शब्दही आपल्या ‘ईशान’ दिशेवरूनच आलेला. देशातील हा गरीब भाग. येथील माणसे पोटासाठी बँकॉकला जातात, मोलमजुरी करतात आणि शहरी लोकांच्या थट्टेचा विषय होतात. त्या भागातून आलेल्या या मंडळींनी, दिग्दर्शक प्राच्य पिंकाएव यांच्या साथीने, थाई चित्रपटाचे नाव जगभर नेले, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे.

ना दोर, ना संगणक

तो काळही आठवून पाहावा. १९९९ साली ‘मेट्रिक्स’ आला, २००० साली ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आला. अदृश्य तारांना लटकून माणसे भिंतींवरून चालू लागली, वेळूच्या शेंड्यांवर झुंजू लागली. पाहायला सुंदर, पण ते स्वप्न आहे हे प्रेक्षक जाणून होता. जॅकी चॅनने ‘प्रोजेक्ट ए’मध्ये १९८३ साली घड्याळाच्या मनोऱ्यावरून स्वतःला खाली झोकून दिले, ती परंपरा आता संपली असे वाटू लागले होते. अशा वेळी एका छोट्या देशातून हा चित्रपट आला आणि त्याने छातीठोकपणे सांगितले, की येथे तारा नाहीत, संगणकाची किमया नाही आणि नायकाच्या जागी उडी मारणारा बदली माणूसही नाही.

बँकॉकच्या गल्लीबोळांतील पाठलाग पाहावा. तिंग काटेरी तारेच्या वेटोळ्यातून आरपार जातो, वाहनाखालून दोन्ही पाय फाकवून सरपटत निघतो, माणसांच्या डोक्यांवरून पुढे जातो. पुढे एका प्रसंगी पेटलेल्या पायांनी लाथा मारतो आणि त्या ज्वाळा खऱ्या आहेत. महत्त्वाच्या उड्या दोन-तीन कोनांतून पुन्हा दाखवल्या जातात. काहींना यात बढाई दिसते. मला यात साक्ष दिसते. जे घडले ते खरेच घडले, हवे तर पुन्हा पाहा, असे सांगणारा प्रामाणिकपणा आज दुर्मीळ झाला आहे. संगणकाने काहीही दाखवता येते, अशा काळात ‘खरे’ या शब्दालाच किंमत येते.

देवांचा बाजार

मूर्तीचे मस्तक कापून विकणे ही पटकथाकाराची कल्पना नव्हे. टोनी जाच्या सुरिन प्रांताला लागूनच बुरीराम प्रांत आहे. तेथे फनोम रुंग हे डोंगरावरील प्राचीन शिवमंदिर आहे. त्याच्या दारावरची शेषशायी नारायणाची कोरीव शिळा १९६०च्या दशकात नाहीशी झाली आणि पुढे अमेरिकेत, शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली. थाई जनतेने आंदोलन केले, गायकांनी त्यावर गाणी रचली आणि अखेर १९८८ साली ती शिळा मायदेशी परतली. २०२४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही दोन प्राचीन मूर्ती थायलंडला परत केल्या. आपल्याकडेही तमिळनाडूतील श्रीपुरंतनच्या मंदिरातून चोरलेला नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला होता. तो २०१४ साली भारतात परत आला. संग्रहालयाच्या काचेआड जी ‘कलाकृती’ असते, ती कोण्या एका गावाचा देव असते. हा साधा मुद्दा विद्वानांच्या परिषदांत पटवून द्यायला दशके लागली. ‘ओंग बाक’ने तो सामान्य प्रेक्षकाच्या गळी पावणेदोन तासांत उतरवला.

खरा वीर कोण?

तरीही माझ्या मते या चित्रपटातील सर्वांत मोठे साहस टोनी जाच्या वाट्याला आलेले नाही. ते आले आहे हमलेच्या वाट्याला. हा हमले त्याच गावचा, पण शहरात येऊन ‘जॉर्ज’ झालेला. केस पिवळे रंगवलेला, लबाड्यांवर जगणारा, गावाचे नाव निघताच तोंड फिरवणारा. तिंगने आणलेले गावकऱ्यांचे पैसे चोरून तो झुंजीवर लावतो. विनोदी नट पेचताई वोंगकामलाओ यांनी ही भूमिका बहारीने केली आहे. आपल्या गावांतूनही असे ‘जॉर्ज’ थोडे का शहरात गेले आहेत?

शेवटी तस्करांचा म्होरक्या घण उचलून ओंग बाकचे मस्तक फोडायला निघतो, तेव्हा हाच हमले त्या मस्तकावर स्वतःला झोकून देतो. त्याला ना विद्या येते, ना उडी. तो फक्त देवाला कवटाळतो आणि घाव आपल्या पाठीवर घेतो. त्यातच त्याचा अंत होतो. तत्पूर्वी तिंगनेही देवासाठी एक झुंज जाणूनबुजून हरलेली असते, भर अड्ड्यात मार खाल्लेला असतो. जिंकण्याचे साहस सर्वांना दिसते. हरण्याचे आणि मरण्याचे साहस पाहण्यासाठी कथा समजावी लागते.

युरोपात हा चित्रपट नेताना ल्यूक बेसों यांच्या कंपनीने त्याचे संगीत बदलले आणि अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या तरुणीचे उपकथानक बरेचसे कापले. थोडक्यात, कसरती ठेवल्या आणि दुःख काढले. दोष एकट्या युरोपाचा नाही. पाठलागाच्या दृश्यात भिंतीवर बेसोंना आवाहन करणारा मजकूर खुद्द निर्मात्यांनीच रंगवला होता. बाजाराचे बोलावणे आले की आपलाही हात आपोआप पुढे जातो.

पुढे काय झाले, तेही बोलके आहे. २००८ साली आलेल्या ‘ओंग बाक २’मध्ये पैसा अधिक, हत्ती अधिक, झुंजी अधिक. पण गाव नाही, देव नाही, फक्त सूड आहे. त्याच्या चित्रीकरणादरम्यान टोनी जा काही आठवडे कामावरून निघून गेला आणि गुरू पन्ना यांना ते काम हाती घेऊन पूर्ण करावे लागले. २०१० साली टोनी जाने भिक्षूची दीक्षा घेतली. पुढे तो चित्रपटांत परतला, हॉलिवूडमध्येही गेला. पन्ना २०१४ साली निवर्तले. शरीर तेच, गुरू तेच, विद्या तीच. तरी पहिल्या चित्रपटाची उंची पुन्हा गाठता आली नाही. कारण उडीची उंची पायांत नसते, ती कशासाठी घेतली यात असते.

या चित्रपटात रक्तपात आहे, हाडे मोडण्याचे आवाज आहेत. लहान मुलांना तो दाखवू नये, हे स्पष्टच सांगतो. पण घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असेल, व्यायामाची आवड असेल, तर त्याच्यासोबत बसून अवश्य पाहावा. पाहून झाल्यावर त्याला एकच प्रश्न विचारावा. यातला सर्वांत शूर कोण? त्याने हमलेचे नाव घेतले, तर आपली संध्याकाळ सत्कारणी लागली असे समजावे.